धसका, धीर आणि सायकल

ऊस विकास अधिकारी, करडी गट



ऊस विकास विभागातर्फे या पत्रिकेतून आपणांस बेणे, लागणीचे अंतर, खताची मात्रा, खोडव्याची निगा यांविषयी माहिती दिली जाते. या वेळचा विषय निराळा आहे. मारहाण, छळ किंवा त्याहूनही वाईट प्रसंग सोसलेल्या भगिनीला पुन्हा उभे राहण्यास साधी सायकल कशी उपयोगी पडते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, "साहेब, हे काम तुमचं नव्हे." म्हणणे बरोबर आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझे शिक्षण शेतकी पदविकेचे. परंतु उसाच्या नोंदीसाठी आमच्या विभागाचे लोक करडी, पालोरा, मुंढरी, देव्हाडा या गावांतून हंगामभर फिरतात. घरोघर बसणे होते. शेताचे प्रश्न आणि घराचे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे या नोकरीत फार लवकर कळते. सायकल तर आपल्या भागात घरोघरी आहे. म्हणून या दोन्हींचा संबंध समजून घेऊ.

हा प्रश्न किती घरांत आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ या काळात झाली. तीनुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारांमागे एकीला कधी ना कधी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसावी लागली आहे. देशभराचा आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. ज्यांनी असा त्रास सोसला, त्यांतील फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाजवळ चकार शब्दही काढला नाही.

म्हणजे गावात बोभाटा झालेली प्रकरणे थोडी आणि पोटात ठेवलेली जास्त. आपला गट याला अपवाद आहे असे समजून डोळे मिटणे बरे नव्हे. नवऱ्याच्या दारूपायी माहेरी परत आलेली लेक, सासरीच मुकाट्याने दिवस काढणारी सून, रस्त्यात कोणी हात धरला म्हणून शाळा सोडलेली मुलगी, ऊसतोडीच्या टोळीवर मुकादमाच्या किंवा आणखी कोणाच्या त्रासाला तोंड देणारी बाई, या सर्वजणी आपल्या आसपासच्याच आहेत.

धसका म्हणजे काय?

आपल्या बोलीत "तिनं धसकाच घेतला" असे म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. जिवावरचे संकट आले की माणसाचे शरीर तीनपैकी एक गोष्ट करते : लढते, पळते, किंवा जागच्या जागी गोठते. गोठणे हे भ्याडपणाचे लक्षण नव्हे. हातपाय गळतात, तोंडातून आवाज निघत नाही. बाई ते ठरवून करीत नाही, तिचे शरीरच तसे करते.

ही गोष्ट न समजल्याने केवढा अन्याय होतो, याचे उदाहरण आपल्याच वैनगंगेच्या खोऱ्यातील आहे. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चांदा जिल्ह्यात होते, आता गडचिरोली जिल्ह्यात आहे. हा खटला "मथुरा खटला" म्हणून ओळखला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचे दिसत नाही, असा विचार त्यामागे होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला.

प्रसंग संपला तरी धसका शरीरात राहतो. झोप लागत नाही. दाराची कडी वाजली की छातीत धडधडते. चारचौघांत जावेसे वाटत नाही. पाठीमागून कोणी आले की अंग चोरले जाते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, "मले काही जमत नाही" ही भावना घट्ट बसते. घरात सतत बोलणी खाल्लेल्या बाईला तर वर्षानुवर्षे हेच ऐकवलेले असते.

याशिवाय अत्याचार बाईचे फिरणे हिरावून घेतो. छळ करणारा माणूस बहुधा आधी वाट बंद करतो. माहेरी जायचे नाही, बाजाराला एकटीने जायचे नाही, शेजारणीकडे बसायचे नाही, पैसा हातात नाही. बाहेरच्या माणसाने अत्याचार केला असेल तर घरचेच लोक काळजीपोटी तिला कोंडून ठेवतात. दोन्हीकडून परिणाम एकच : उंबरठ्याबाहेरचे जग तिच्यासाठी परक्याचे होते.

म्हणून सावरायचे असेल तर दोन गोष्टी परत मिळाव्या लागतात. एक, स्वतःच्या शरीरावरचा ताबा. दुसरी, रस्ता. सायकल या दोन्ही गोष्टी एकदमच देते, आणि म्हणूनच तिचा येथे विचार केला आहे.

सायकल नेमके काय करते?

पहिली गोष्ट शरीराची. पायडल मारताना दोन्ही पाय आळीपाळीने, एका तालात चालतात. श्वास त्या तालाला लागतो. अर्धा तास सायकल चालविली की शरीर थकते आणि रात्री झोप बरी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम प्रकारचे व्यायामाचे श्रम करावेत. उदासपणा आणि चिंता कमी होण्यास असा व्यायाम मदत करतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे.

धसक्याच्या विकारावर सायकलीचा खास प्रयोगही झालेला आहे. कॅनडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा विकार जडलेल्या ३३ माणसांना दोन आठवड्यांत सहा वेळा जागेवरची सायकल चालवावयास दिली. बहुतेकांची लक्षणे कमी झाली. प्रयोग लहान होता आणि त्यातील सर्वचजणी अत्याचार सोसलेल्या स्त्रिया नव्हत्या. त्यावरून सायकल हे औषध आहे असा दावा करता येणार नाही. सायकल हा उपचाराला जोड देणारा आधार आहे, एवढेच म्हणावे.

दुसरी गोष्ट मनाची. सायकल शिकणे हे असे काम आहे की त्यात जमले की नाही हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. तोल सांभाळला तर सांभाळला. "तुला काही येत नाही" असे दहा वर्षे ऐकलेल्या बाईला पंधरा हात अंतर एकटीने, पाय न टेकता कापता आले, तर त्या पंधरा हातांबद्दल कोणी वाद घालू शकत नाही. ब्रेक तिच्या हातात, हॅन्डल तिच्या हातात. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, हे तिनेच ठरवायचे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. पायी तासाभराची वाट सायकलीने वीस मिनिटांत होते. दवाखाना, पोलीस ठाणे, बँक, बचत गटाची बैठक, मजुरीचे काम, मुलांची शाळा, हे सर्व आवाक्यात येते. एस.टी.ची वाट पाहणे नको आणि "मला सोडून द्या" म्हणून कोणाची मनधरणी नको. बाहेर जाऊन चार पैसे मिळवता येणे हे छळातून सुटण्याच्या वाटेवर फार मोलाचे असते.

पूर्वीचे अनुभव

हे काही आजचे नवे खूळ नव्हे. अमेरिकेतील फ्रान्सिस विलार्ड या दारूबंदी चळवळीच्या मोठ्या पुढारी होत्या. नवऱ्याच्या दारूमुळे घरोघर होणारी बायकामुलांची दैना हा त्यांच्या चळवळीचा गाभा होता. १८९२ साली त्यांची आई वारली आणि त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा वयाच्या ५३ व्या वर्षी त्या सायकल शिकल्या. रोज सुमारे पंधरा मिनिटे, असे तीन महिने लागले. १८९५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या भगिनींना तीन आठवड्यांत जमले नाही म्हणून कोणी हसू नये, यासाठी हा हिशेब सांगितला.

आपल्या देशातील सर्वांत मोठा अनुभव तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याचा आहे. कोरडवाहू, गरीब जिल्हा. तेथे १९९१ साली "अरिवोळी इयक्कम" ही साक्षरता चळवळ सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या कामातच स्त्रियांना सायकल शिकविण्याचा कार्यक्रम घातला. शिकवणाऱ्या कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या पाहिजेत हा सरळ हेतू होता. कार्यकर्त्यांना सायकलीसाठी बँकेकडून कर्जे मिळवून दिली. पुढे शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, ग्रामीण परिचारिका, बालवाडीच्या बाया, सर्वच शिकू लागल्या. १९९२ च्या महिलादिनी १,५०० स्त्रियांनी सायकलींवरून मिरवणूक काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीवर लिहिले, त्यानुसार एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या.

सुरुवातीला टवाळी पुष्कळ झाली, घाणेरडे बोलही ऐकावे लागले. त्या मागे हटल्या नाहीत. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींनी तर मुद्दाम घेतल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसविता येते! आपल्या सभासदांनी यातून घ्यावयाचा बोध असा की शिकणाऱ्या शेकडो असल्या म्हणजे टवाळी करणारा एकटा पडतो. एकट्या बाईला शिकवू गेले तर गाव तिच्याकडे पाहते. पंधराजणी मिळून शिकल्या तर त्यांत अत्याचार सोसलेली कोण, हे कोणाला कळतही नाही.

बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. आफ्रिकेतील झांबिया देशात अशाच कार्यक्रमाची पाहणी झाली. तेथे सायकल मिळालेल्या मुलींचा शाळेत जाण्याचा वेळ सुमारे एक-तृतीयांशाने घटला आणि वाटेतील छेडछाडही कमी झाली. रस्त्यावर कमी वेळ आणि जास्त वेग, एवढ्यानेही फरक पडतो.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे नाव काही सभासदांनी वाचले असेल. २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीने केली. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने त्यांना लुटण्यात आले, मारही लागला. त्यानंतर त्या पुन्हा सायकलीवर बसल्या आणि प्रवास पुरा केला. प्रत्येक बाईने एवढे करावे असे नाही. मुद्दा पुन्हा बसण्याचा आहे.

आपल्या भागात मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळालेल्या आहेत. परंतु मुलीची बारावी झाली की ती सायकल बहुधा गोठ्याच्या भिंतीला टेकते, नाहीतर धाकटा भाऊ घेऊन जातो. मुलगी सासरी जाते. उद्या तिच्यावर वेळ आली आणि ती परत आली, तर सायकलीचा कोणाला आठवही राहत नाही. सायकल घरात असते, चालवणारीही घरात असते, फक्त दोघींची गाठ पडत नाही.

शिकवावे कसे?

उसाची लागण जशी पद्धतीने करावी लागते, तसेच हेही. मागून सीट धरून पळत जायचे आणि मध्येच सोडून द्यायचे, ही आपली जुनी रीत. धसका घेतलेल्या बाईला ही रीत अजिबात चालत नाही. न सांगता सोडणे म्हणजे विश्वासघात, आणि न विचारता पाठीमागून हात लावणे तिला सहन होत नाही. पुढील पद्धत सोपी आहे.

१) सायकल. मधली दांडी नसलेली, ठेंगणी सायकल घ्यावी. सीट इतकी खाली करावी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. पहिल्या दिवसांत दोन्ही पायडल पान्याने काढून ठेवावेत. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो, हे ध्यानात ठेवावे.

२) जागा. शाळेचे पटांगण किंवा मळणी झालेले कोरडे खळे, शक्यतो किंचित उताराचे. रस्ता नको. गाळप हंगामात तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असलेल्या रस्त्याच्या जवळपासही नको. जागा अशी असावी की वाटेल तेव्हा तिला उठून निघून जाता यावे आणि बघ्यांची गर्दी होऊ नये.

३) शिकवणारी. बाईच असावी. तोल सावरण्यासाठी हात लावायचा तर आधी विचारावे, आणि ती "नको" म्हणाली तर लावू नये. आजचा दिवस पुरे, असे ती म्हणाली की पुरे.

४) ब्रेक आधी. प्रथम सायकल हाताने चालवत नेऊन ब्रेक दाबण्याचा सराव करावा. पुढचा ब्रेक एकटाच जोरात दाबू नये. थांबता येते हे कळले की निम्मी भीती जाते.

५) तोल. सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत पुढे जावे. जमू लागले की दोन्ही पाय उचलून सायकल घरंगळू द्यावी. नजर चाकाकडे नको, समोर वीस-पंचवीस हातांवर असावी. हॅन्डल नजरेमागे जाते.

६) मग पायडल. तोल येऊ लागल्यावर पायडल लावावेत. सीट हळूहळू वर घ्यावी.

७) कपडे. साडीचा घोळ आवरून खोचावा, पदर आऱ्यांत जाणार नाही असा बांधावा. चेनकव्हर शाबूत असावे.

८) दुरुस्ती. हा भाग कधीही वगळू नये. उतरलेली चेन बसविणे, हवा भरणे, पंक्चर काढणे हे तिला स्वतःला आले पाहिजे. ट्यूब बाहेर काढून घमेल्यातील पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, पुसून घासकागद मारावा, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबावे आणि मग तुकडा दाबून बसवावा. रस्त्यात अडलो तरी आपले आपण निघू शकतो, ही खात्री तिला फार धीर देते.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी. काहीजणींना दम लागला, छाती धडधडली की जुना प्रसंगच आठवतो. तसे झाले तर सायकल थांबवून, पाय टेकून, सावकाश श्वास घेऊ द्यावा. जबरदस्ती करू नये. गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या, किंवा डोक्याला, कमरेला मार लागलेल्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एका गैरसमजाबद्दलही बोलले पाहिजे. सायकल चालविल्याने मुलीच्या शरीराला दोष येतो, पुढे मूल होण्यास अडचण येते, असे काही घरांत मानतात. त्यात तथ्य नाही.

सायकल पुरेशी नाही

सायकलीने गुन्हेगाराला शिक्षा होत नाही आणि मारहाणही थांबत नाही. त्यासाठी कायदा आहे. तो सभासदांना माहीत असावा म्हणून थोडक्यात देतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच लैंगिक, वाचिक-मानसिक आणि आर्थिक छळही येतो. बायको, आई, बहीण, लेक, कोणीही दाद मागू शकते. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षणाचा, घरात राहण्याचा आणि खर्चाच्या पैशांचा आदेश मिळू शकतो. बाईचे स्त्रीधन आणि तिच्या वस्तू अडवून ठेवणे यावरही दाद मागता येते, तेव्हा तिची सायकल मोडणे किंवा कुलूप घालून ठेवणे ही घरातली किरकोळ बाब समजू नये. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूर छळाबद्दल पूर्वी दंड संहितेचे ४९८-अ हे कलम होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे.

महिलांसाठी मदतीचा दूरध्वनी १८१, तातडीसाठी ११२, मनाच्या त्रासासाठी "टेली-मानस" १४४१६, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी "सखी" केंद्रांची योजना २०१५ पासून आहे; तेथे दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा यांची सोय एका ठिकाणी व्हावी असा हेतू आहे. कामाच्या ठिकाणी त्रास झाल्यास २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि इतरांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ऊसतोडीच्या बाया, शेतमजूर स्त्रिया यांनाही तेथे तक्रार करता येते.

आणखी एक सावधगिरी. छळणाऱ्या माणसापासून बाई दूर होऊ लागते, तो काळ तिच्या जिवाला सर्वांत धोक्याचा असतो. त्या दिवसांत ती कुठे, कधी, कोणत्या वाटेने सायकलीने जाते याची चर्चा पानटपरीवर होता कामा नये. तिने मात्र एका विश्वासू व्यक्तीला वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी. सायकलीच्या मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा असावा, आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येईल असा बेत असावा.

सभासदांनी काय करावे?

ऊस तुटला म्हणजे संपला असे आपण मानत नाही. बुडखा नीट छाटला, पाणी-खत वेळेवर दिले, जनावरे शिरू दिली नाहीत, तर खोडवा चांगला येतो. पण फुटवा वर ओढून काढता येत नाही. तो आपल्या वेळेने येतो. माहेरी आलेल्या लेकीच्या बाबतीत निदान एवढी समजूत आपण दाखवावी.

१) गोठ्यात उभी असलेली सायकल बाहेर काढून हवा, ब्रेक, चेन पाहून घ्यावी आणि ती घरातील लेकीच्या किंवा सुनेच्या ताब्यात द्यावी. कुलपाची किल्ली तिच्याजवळच असावी.

२) सायकल दिली म्हणजे उपकार केले असे बोलून दाखवू नये. "कुठं गेली होतीस?" हा प्रश्न दर वेळी विचारू नये. लेकाला विचारतो तेवढाच लेकीला विचारावा.

३) जिच्यावर प्रसंग आला तिला सर्वांसमोर वेगळी काढून शिकवू नये. बचत गटातील सर्वांसाठी वर्ग ठेवावा. धानाची मळणी आटोपल्यावर पटांगणे मोकळी असतात, बायांना थोडी उसंतही असते, तो काळ चांगला. ग्रामपंचायत, शाळा आणि बचत गट यांनी मिळून ठरविल्यास दोन-तीन सायकलींवर पंधराजणी शिकू शकतात.

४) शेरेबाजी करणाऱ्या पोरांना गावातील वडीलधाऱ्यांनी वेळीच समज द्यावी. ते काम बायांवर टाकू नये.

५) आपल्याच घरात हात उगारला जात असेल, तर प्रथम तो थांबवावा. एका हाताने मारायचे आणि दुसऱ्या हाताने सायकल द्यायची, याला अर्थ नाही.

६) टोळीवर, शेतात किंवा शेजारच्या घरात असा प्रकार दिसला तर "त्यांच्या घरचं प्रकरण" म्हणून सोडू नये. वर दिलेले क्रमांक कोणीही लावू शकतो. मात्र त्या बाईला विचारून, तिच्या सोयीने पुढचे पाऊल टाकावे.

आपल्या गटातील ज्या गावांत भगिनींसाठी असे सायकल वर्ग सुरू करावयाचे असतील, तेथील सभासदांनी ग्रामपंचायत आणि बचत गटाच्या अध्यक्षांशी बोलून या मळणीनंतरचे दिवस ठरवावेत. पायडल काढण्याचा पाना, पंप आणि पंक्चरचे साहित्य गावातच मिळते. शिकवणारी बाई मात्र आधी शोधून ठेवावी. ज्या मुली शाळेच्या निमित्ताने सायकल शिकल्या, त्याच आता आपल्या मावशी-काकूंना उत्तम शिकवू शकतील. त्यांना तशी संधी सर्व सभासदांनी द्यावी, अशी नम्र विनंती आहे.